हिरव्या झाडावरचा संशय

"मी मजेत आहे" असं आगटेकाकांना सांगायची आमच्या चाळीत कोणाची छाती नव्हती. सांगितलं, की काका डोळे बारीक करायचे, मान जरा तिरकी करायचे आणि विचारायचे, "कधीपासून?"

आता यावर माणसानं काय बोलायचं? मजेत असण्याची तारीख कोणी लक्षात ठेवतं का? आपण गडबडलो, की काका हळूच मान हलवायचे. "संशय आहे," एवढंच म्हणायचे आणि निघून जायचे. मग दिवसभर आपल्यालाच वाटत राहायचं, की आपल्याला काहीतरी झालंय.

त्यापेक्षा "जरा पाठ धरलीय" म्हटलेलं बरं. लगेच काकांचा चेहरा खुलायचा. "धरलीय ना? धरू दे. दुखतंय तोवर काळजी नाही." हे कळल्यापासून चाळीतल्या प्रत्येकानं काकांपुरतं एकेक दुखणं राखून ठेवलं होतं. माझ्या बायकोनं, सुमननं, गुडघा घेतला होता. मी पित्तावर भागवायचो.

मुलुंडला स्टेशनपासून पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बैठी चाळ होती. मधे अंगण, अंगणात विहीर, विहिरीवर रहाट. टोकाच्या खोलीत काका एकटे राहायचे. नोकरी संपवून ते आले तेव्हा पुतण्यानं ती खोली घेऊन दिली आणि स्वतः दादरला राहिला. काकांना त्याचाही संशय होता. "मला मुलुंडला ठेवलं. म्हणजे दादरला काहीतरी आहे."

काकांची सगळी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात, तिकडच्या एका छोट्या रेल्वेत गेली. आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरवायचं, त्यासाठी स्टेशनवरची विहीर आणि वाफेचा पंप सांभाळायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे असेल, पण माणसाकडे बघताना त्यांची नजर आधी पायांकडे जायची, आणि झाडाकडे बघतानाही आधी बुंध्याकडे.

सकाळी उठल्याबरोबर ते विहिरीशी जायचे. गाठी मारलेली सुतळी आत सोडायची, ओली किती झाली ते पाहायचं, मग एक खडा टाकून कानामागे हात धरून ऐकत उभं राहायचं. त्या वेळी रहाट फिरवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. बायका घागरी घेऊन खोळंबायच्या. दुधात पाणी घालतो म्हणून आम्ही भैय्याशी भांडायचो. काकांचं भांडण निराळंच. "घालतोस ते घाल रे बाबा. पण कुठल्या विहिरीचं घालतोस, ते सांग. तिथं पाणी किती खाली आहे?" तो बिचारा पाणी घालतच नाही अशी गंगेची शपथ घ्यायचा आणि काका म्हणायचे, "मग तर फारच संशय आहे."

कोणाच्या दारातली तुळस टवटवीत दिसली, की काका कुंडीत बोट खुपसून बघायचे. घरमालक रतनशी शेठच्या बंगल्यातल्या माडाशी तर त्यांचं जुनं वैर होतं. माड सरळ, उंच, नारळांनी लगडलेला. काका कुंपणाबाहेरून त्याच्याकडे बघत उभे राहायचे, पोलीस एखाद्या नव्यानं श्रीमंत झालेल्या इसमाकडे बघतो तसे.

काकांना न भिणारी चाळीत एकच व्यक्ती होती. परबकाकू.

परबकाकू मालवणकडच्या. नवरा मालबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. मूलबाळ नाही. आवाज असा, की त्या अंगणात हसल्या तर रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. डोक्यात कायम अबोलीची वेणी. बाजारात जायचं असो की धुणं धुवायचं असो, वेणी हवी. आमची आई गेली तेव्हा माझी बहीण नलू अगदी लहान होती. तिची न्हाणी, तिचे केस, तिचे रुसवे, सगळं परबकाकूंनी केलं. मला तर त्या काकांच्या समोरच विचारायच्या, "काय रे, पित्त बरा आसा मां? सांभाळ हां, नायतर आगटे तुझ्या पोटात सुतळी सोडतले."

"तुम्ही कशा आहात?" काका तोंड आंबट करून विचारायचे.

"माका काय धाड भरली? मी बरी आसय!"

"कधीपासून?"

"जल्मल्यापासून!"

काका आपल्या खोलीकडे जाताना पुटपुटायचे, "फार हिरवं आहे. फार हिरवं आहे."

अशात रतनशी शेठनं जाहीर केलं, की विहिरीवर विजेची मोटार बसवायची, वर टाकी बांधायची आणि प्रत्येक खोलीच्या दारात नळ द्यायचा. चाळीत दिवाळी झाली. वैशाखात नलूचं लग्न ठरलं होतं. मांडव अंगणातच पडणार होता आणि वऱ्हाडाला पाणी कसं पुरवायचं या काळजीनं माझं खरंखुरं पित्त उसळलं होतं. त्यामुळे सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

शेठनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. काकाही आले, सुतळी घेऊन.

"माझा विरोध आहे," ते उभे राहून म्हणाले.

"अरे पण का, काका?" शेठ म्हणाला. "पाणी पुष्कळ हाय. आंबा बघा, केळ बघा, आपला माड बघा. कसा हिरवागार!"

ते ऐकून काकांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे शेठच्या अंगावर जातात. पण ते खालीच बसले. आणि पहिल्यांदा त्यांनी आम्हाला तिकडची गोष्ट सांगितली.

"दसऱ्याला तुम्ही शमीच्या पाया पडता ना? तिला तिकडे खेजडी म्हणतात. तिकडचा तो कल्पवृक्षच. पाला शेळ्यांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांना. आमच्या स्टेशनशेजारी एक ढाणी होती, म्हणजे धनगरांची लहानशी वस्ती. तिच्या भोवती ही जुनी जुनी झाडं. आमचा पंप दिवसरात्र चालायचा. मोठे साहेब यायचे, विचारायचे, पाणी खाली जातंय का? मी खिडकीतून बाहेर बोट दाखवायचो. साहेब, झाडं बघा. हिरवीगार आहेत."

परबकाकूंनी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"शमीचं मूळ सरळ खाली जातं. पाणी खाली गेलं की मूळ त्याच्या मागं जातं. पाणी आणखी खाली, मूळ आणखी खाली. वर कोणाला पत्ता नाही. वर सगळं हिरवं. फक्त नवीन रोप एकही धरत नव्हतं, कारण त्याच्या एवढ्याशा मुळाला पाणी मिळणार कसं? पण ते कोण बघतो? मोठी झाडं हिरवी होती ना! मग एका उन्हाळ्यात शेंडे वाळले. अगदी वरचे, दोनचार डहाळ्या. आम्ही म्हटलं, ऊन फार आहे. पुढच्या उन्हाळ्यात फांद्या. दमलेल्या झाडाच्या मुळात किडे शिरतात, पोखरतात. वारा नसताना झाडं आडवी व्हायला लागली. तेव्हा मी विहिरीत सुतळी सोडली. तोवर कोणी सोडलीच नव्हती." त्यांनी शेठकडे बघितलं. "म्हणून सांगतो, हिरव्यावर जाऊ नका. हिरवं झाड शेवटपर्यंत बोलत नाही."

शेठ टोपी काढून डोकं खाजवायला लागला. मग तो म्हणाला, "पण काका, ते रेगिस्तान. हे मुलुंड. इथे पावसाळ्यात विहीर वरून वाहाते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. हात वर झाले, मोटार मंजूर झाली.

मोटार बसली त्या दिवसापासून काकांनी विहिरीच्या कठड्यावरच बैठक मारली. मोटार घुर्र करून सुरू झाली, की ते नाडी बघितल्यासारखे पाइपावर हात ठेवायचे. "आवाज बदललाय," म्हणायचे. "हवा ओढतेय." आणि माझ्याकडे वळून, "लग्नाच्या दिवशी वाट लागणार तुमची. वऱ्हाडाचे पाय धुवायचे तेव्हा नळ फुसफुसेल. बघा तुम्ही." मी धास्तावून शेजारच्या चाळीतून पिंपं मागून आणली आणि भरून ठेवली. सुमन म्हणाली, "तुम्ही त्यांचं ऐकता कशाला?" मी म्हटलं, "ऐकत नाही. पण संशय आहे."

लग्नाचा दिवस उजाडला. काका पांढरा कोट घालून, हातात सुतळी घेऊन विहिरीशी उभे. वऱ्हाड आलं, पाय धुतले, आंघोळी झाल्या, आचाऱ्यानं भाताची हंडी चढवली, पंगती बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मोटार घुर्र घुर्र करत राहिली. नळाला धार लागलेली ती तुटली नाही. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं तर मिशीला लागलेला मठ्ठा पुसत सांगितलं, "पाण्याची व्यवस्था मात्र झकास हो."

काकांनी सुतळी आत सोडली. वर काढली. ओल्या गाठी पुन्हा मोजल्या. विहिरीला काही झालं नव्हतं.

"काय आगटेकाका," कोणीतरी ओरडलं, "पाणी खय गेला?" सगळा मांडव हसला. काकांनी सुतळी गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. मला त्यांची दया आली. म्हटलं, आतातरी जेवून घ्या. तर त्यांनी माझा दंड धरला.

"परबबाईंनी वेणी घातलेली नाही," ते हळूच म्हणाले.

मला आधी कळेचना. मांडवातल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात फुलं होती. सुमनचा तर मोगऱ्याखाली अंबाडा दिसत नव्हता. मी परबकाकूंना शोधलं. त्या आचाऱ्याशी हुज्जत घालत होत्या, नेहमीसारख्याच, हातवारे करून. डोकं मात्र मोकळं होतं.

"कामात विसरल्या असतील," मी म्हणालो.

"धुणं धुताना विसरत नाहीत, आणि ज्या पोरीला वाढवलं तिच्या लग्नात विसरल्या?" काकांचे डोळे बारीक झाले होते. "मी सकाळपासून बघतोय. नलूला हळद लावायची वेळ आली, तर म्हणाल्या, माझे हात खरकटे, तू लाव. देवकाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. अक्षता वाटल्या तेव्हा भांडी मोजायचं निमित्त करून निघून गेल्या. पाठ फिरवून उभ्या होत्या. शेंडा वाळलाय. संशय आहे."

"काका, विहिरीवरून झालं, आता माणसांवरून सुरू झालात?" मी जरा तोडूनच बोललो. लग्नघरात एवढी कामं पडलेली.

काका सरळ स्वयंपाकाच्या मांडवामागे गेले, जिथं मी भरून ठेवलेली पिंपं होती. परबकाकू तिथं उलट्या घातलेल्या घंगाळावर एकट्याच बसल्या होत्या. मी काकांना परत आणायला म्हणून मागे गेलो आणि कनातीपाशीच थांबलो.

"काय लपवताय?" काकांनी विचारलं.

"काय्येक नाय. मी बरी आसय." परबकाकूंनी हसायचा प्रयत्न केला. "तुमची विहीर भरलेली आसा, तेचा दुख माझ्यार कित्याक काढतास?"

काका त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. पांढऱ्या कोटासकट, ओल्या मातीत.

"मी त्या दिवशी सगळं सांगितलं नाही," ते म्हणाले. "त्या ढाणीत हमीरा म्हणून एक उंटवाला होता. संध्याकाळी माझ्याकडे यायचा. आम्ही सोंगट्या खेळायचो. एवढी वर्षं. शेवटच्या उन्हाळ्यात झाडं पडली, शेळ्या मेल्या, लोक एकेक करून उठून गेले. हमीरा रोज यायचा, खेळायचा. मी विचारायचो, काय हमीरा? तो म्हणायचा, सब राजी-खुशी है बाबूजी. हसून म्हणायचा. मी सोंगटी पुढं सरकवायचो. एका सकाळी बघितलं तर त्याची झोपडी रिकामी. चुलीसुद्धा मोडून गेला होता. आदल्या संध्याकाळी डाव जिंकून गेला होता हो माझ्याशी." काकांनी नाक ओढलं. "मी एकदा जरी पुन्हा विचारलं असतं ना, खरंच का रे, तर तो बोलला असता. घरात त्याचं तान्हं नातवंड दगावलं होतं. मला नंतर कळलं, दुसऱ्याच कोणाकडून."

मग काका म्हणाले, "आता पुन्हा विचारतो. खरंच बऱ्या आहात का?"

परबकाकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तो एवढा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे. अगदी बारीक, पोरीसारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "आवस गेली हो माझी. काल गावाकडचो माणूस सांगून गेलो."

आवस म्हणजे आई, एवढं मालवणी मला कळत होतं.

"सुतक इला म्हणान सांगलंय, तर चेडू माझ्याशिवाय बोहल्यार चढतला," त्या म्हणत होत्या. "आधीच तेका आवस नाय. म्हटलंय, लांब ऱ्हवान बघीन. कशाक शिवूक नाय मी. देवाची शपथ, कशाक शिवूक नाय. अक्षतापण टाकूक नाय. नलू जाईसर माका रडूक गावाचा नाय, आगटेनूं. तेचा तोंड उतरतला."

"नाही रडायचं," काका म्हणाले. "पाठवणीला वेळ आहे अजून. तोवर इथं बसा."

ते उठले, कनातीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि मला बघून म्हणाले, "तुम्ही ऐकलंत ना? मग जा, वऱ्हाडाकडे बघा." पुढचा तासभर त्यांनी त्या पिंपांकडे कोणाला फिरकू दिलं नाही. आचारी पाणी मागायला आला, तर म्हणाले, "पाण्यात संशय आहे, नळाचं घे." वरपक्षाचा तो मिशीवाला म्हातारा चूळ भरायला आला, त्यालाही त्यांनी परत पाठवलं. सुमनला मी कानात सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि डोक्यातला गजरा काढून ठेवला. मग लक्षात येऊन पुन्हा घातला, नलू विचारेल म्हणून.

पाठवणीला परबकाकू बाहेर आल्या त्या तोंड धुऊन, हसत. नलूनं धावत जाऊन त्यांना मिठी मारली. त्या क्षणभर हात लांब धरून उभ्या राहिल्या, मग काकांकडे पाहिलं. काकांनी होकारार्थी मान हलवली. तेव्हा त्यांनी नलूला असं कवटाळलं, की तिच्या मुंडावळ्या विस्कटल्या. सगळ्यांना वाटलं, पोर सासरी चाललीय म्हणून काकू रडतायत. रडू द्यायला तेवढं कारण पुरलं.

त्या रात्री ठरवायला फार वेळ लागला नाही. परबकाकूंना गावी पोचवणं भाग होतं. नवरा कुठल्याशा समुद्रात. माझ्या घरी पाहुणे, सुमनला हलता येईना. मी विचार करतोय तोवर काका आपली वळकटी बांधून दारात उभे. मुलुंडला आल्यापासून हा माणूस ठाण्यापलीकडे गेला नव्हता. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शेवटच्या बोटी सुटत होत्या. काकांनी जन्मात समुद्रात पाय घातलेला नव्हता.

मी त्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेलो. काकांना हमालाचा संशय आला, म्हणून ट्रंक स्वतः उचलली. बोटीचा संशय आला, म्हणून एका खलाशाला विचारलं, "खाली पाणी किती आहे?" तो म्हणाला, "पुष्कळ आहे आजोबा." या खेपेला काका "संशय आहे" म्हणाले नाहीत, ट्रंक उचलून सरळ बोटीवर चढले.

बोटीवर गर्दी होती. परबकाकूंना डेकवर कठड्याशी जागा मिळाली, ट्रंकेवर. आता मुलुंड मागं पडलं होतं, नलू सासरी सुखरूप पोचली होती, आणि भोवती ओळखीचं कोणी नव्हतं. काकूंनी डोकं गुडघ्यात घातलं आणि त्या मोठ्यानं रडू लागल्या. त्यांच्या त्या नेहमीच्या, रस्त्यावर ऐकू जाणाऱ्या आवाजात. आसपासची माणसं वळून बघायला लागली.

डोक्यावर वैशाखातलं ऊन होतं. काकांनी वळकटीतून छत्री ओढून काढली, उघडली आणि काकूंवर धरली. स्वतः मात्र हात लांब करून दूर उभे राहिले, तोंड समुद्राकडे फिरवून, त्यांच्या रडण्याकडे बघायला नको म्हणून. भोंगा झाला. बोट हलली. धक्का आणि बोट यांच्यामधलं पाणी रुंद होत गेलं तरी मला ते दिसत राहिले. टक्कल उन्हात तापत होतं, हात अवघडला की काका छत्री दुसऱ्या हातात घेत होते, आणि जो कोणी काकूंकडे वळून बघेल त्याच्याकडे डोळे बारीक करून रोखून पाहत होते.